तात्यांची खिशातली बत्तीसी

आमच्या दाना ओली या गल्लीतले तात्या खोटे दात बंडीच्या खिशात घालून हिंडत. पानाच्या डबीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेली अख्खी बत्तीसी! इंदरगंजच्या दंतवैद्यांनी मोठ्या मेहनतीनं बनवलेली. दोन वर्षं छान लावली, अन् एका पावसाळ्यात काढून खिशात टाकली ती टाकलीच. कोणी विचारलं की डबी उघडून दाखवत, "आहेत ना! लावत नाही, इतकंच."

तात्यांची सगळी नोकरी दरबारच्या दफ्तरात गेलेली. संस्थान गेलं, मध्यभारत झाला. आता तोही मोडून मध्य प्रदेश झाला अन् कचेऱ्या भोपाळला निघाल्या. त्यावर तात्या मला एवढंच म्हणत, "सगळं विलीन झालं, इंदूबाई. माझे दात तेवढे स्वतंत्र आहेत."

त्यांचा मुलगा वसंता कचेरीबरोबर भोपाळला गेला. सूनही गेली, सात वर्षांची नात कुमूही गेली. तात्या जागचे हलले नाहीत. "या वयात मला कुठं विलीन करता?" म्हणाले. मग शेजारीण म्हणून त्यांचं जेवण माझ्या गळ्यात पडलं. आता माझा स्वभाव मुळात तापट. मी खपून ज्वारीची भाकरी करावी अन् या गृहस्थानं ती दुधात बुडवून तिचा लगदा करावा! गवारीची भाजी तर नुसती हुंगून परत करत. थंडीत गजक, म्हणजे तीळगुळाची कडक वडी, हा त्यांचा जीव की प्राण. पण त्या वर्षी हलवायाच्या दुकानापुढं उभे राहत, तिळाचा वास घेत अन् तसेच घरी येत. गालफडं पार बसली होती.

मी एकदा दंतवैद्यांनाच घरी बोलावलं. त्यांनी तोंड तपासलं अन् चिडले. "तात्या, साफ सांगतो. हिरड्या आकसत चालल्यात. अजून महिनाभर असेच राहिलात तर ही बत्तीसी बसायची नाही."

"वरून हुकूम यायचाय," तात्या म्हणाले.

"अहो, कुठल्या वरून? दरबार कधीच बरखास्त झाला!" मी ओरडलेच.

"दरबारच्याही वरून," म्हणाले अन् डबी खिशात टाकली. मी कपाळावर हात मारला. म्हातारा हट्टापायी उपाशी मरणार, अशी माझी खात्रीच झाली.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी ताट घेऊन गेले, तर तात्या दारातच कार्ड घेऊन उभे. "हुकूम आला! वाचा, वाचा!"

मोठाल्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : "आजोबा, माझे वरचे दोन्ही दात आले. आता तुम्ही पण लावा. गजक खा अन् मला कळवा. कुमू."

मला काही उमगेना. तेव्हा तात्या सांगू लागले. पावसाळ्यात कुमूचे पुढचे दोन दात पडले. शाळेत पोरी 'खिडकी, खिडकी' म्हणून चिडवायच्या. पोर तोंडावर हात धरून बसायची, धड बोलेना, जेवेना. "मग मी माझे काढले. म्हटलं, आता आपण दोघं सारखे. तुझे आले की मगच मी लावीन. तिचे यायच्या आतच बदलीचा कागद आला, इंदूबाई. शब्द दिला होता. ती समोर नाही म्हणून मोडायचा का?"

मला माझीच लाज वाटली. इतके दिवस याच माणसाला मी तोंडाला येईल ते बोलत होते.

तात्यांनी डबी उघडली, बत्तीसी धुतली, आरशापुढं उभे राहून लावली. ती खटकन खाली आली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी ती हातानं दाबून धरली अन् हसून पाहिलं. हात काढताच पुन्हा तेच.

"दुसरी करून घेऊ, तात्या. उद्याच जाऊ," मी म्हणाले.

"जाऊ, जाऊ." त्यांनी बत्तीसी फडक्यात गुंडाळली अन् कोरं कार्ड पुढं ओढलं. दोन ओळी लिहून थांबले.

"इंदूबाई, थोडी गजक खलबत्त्यात कुटून आणाल? अगदी पीठ करा. 'खाल्ली' म्हणून लिहायचंय. पोरीला खोटं कसं लिहू?"