एर्नेस्टीनला सगळे मदत करतात

सोमवारी सकाळी एर्नेस्टीन पोगची गाडी सुरूच झाली नाही आणि वेल्डिंगच्या वर्गात तिची पहिली गैरहजेरी लागली. त्यात विशेष काही नव्हतं. कोंबड्या पॅक करण्याचा कारखाना बंद पडल्यावर, एकोणचाळिसाव्या वर्षी ती या कम्युनिटी कॉलेजात शिकायला आली होती, आणि तिची गाडी तिच्या बऱ्याच वर्गमित्रांहून वयाने मोठी होती. पण गैरहजेरी लागली की कॉलेजच्या संगणकावर त्या नावापुढे लाल निशाण उभं राहतं आणि ते साहाय्य विभागातल्या मिस बेव्हर्लीला दिसतं. एकही विद्यार्थी हातून निसटू द्यायचा नाही, असा मिस बेव्हर्लीचा बाणा होता.

मंगळवारी एर्नेस्टीन मुखवटा ओढून वेल्डिंग करत होती, तेवढ्यात कुणीतरी तिच्या खांद्यावर टकटक केलं.

"बाळ, दहाच मिनिटं बाहेर ये. तू वर्ग का बुडवतेस त्यावर बोलू."

"मी वर्गातच आहे, मिस बेव्हर्ली."

"हो गं, सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

ती दहा मिनिटं बरीच लांबल्यावर एर्नेस्टीन परतली, तेव्हा तिच्या हातात गरजू विद्यार्थ्यांना वाटायची, घेवड्याच्या डब्यांनी भरलेली फुकट पिशवी होती आणि तिच्या नावावर दुसरी गैरहजेरी होती. शिकवणारे हॉयट क्रँडल यांची सगळी नोकरी नदीवर बार्ज, म्हणजे मालवाहू सपाट बोटी, बांधण्यात गेली होती. हजेरी घेताना जो कामावर उभा नाही तो गैरहजर, एवढंच त्यांना समजत असे.

"मिस्टर हॉयट, तुमच्यासमोरून मला ओढून नेलं की!"

"बघितलं ना. म्हणून तर लावली." हॉयट कुरकुरले. "आणि पोरी, चार भरल्या की शुक्रवारी परीक्षेला बसता येणार नाही. नियम कॉलेजचा आहे, माझ्यावर डाफरू नकोस."

शुक्रवारी बार्जच्या कारखान्याची तपासनीस स्वतः परीक्षा घ्यायला येणार होती. पास झालं की तिथेच नोकरी, आणि नोकरीबरोबर औषधपाण्याचा विमा. एर्नेस्टीनचा धाकटा टोबी दम्याचा फवारा पुरवून पुरवून वापरत होता. तिला दुसरं काही नको होतं.

दोन निशाणं म्हणजे मनावर ताण, असा साहाय्य विभागाचा हिशेब. त्यामुळे बुधवारी ऐन हजेरीच्या वेळी तिला समुपदेशकाकडे नेण्यात आलं. तरुण, गोड आवाजाचा माणूस होता.

"आतून काय वाटतंय?" त्याने विचारलं.

"आतून वाटतंय, वर्गात जावं."

"आणि तसं वाटलं की आपण काय करतो?"

"आपण इथे बसतो!"

तो खूप समजूतदारपणे हसला. तिसरी गैरहजेरी लागली.

गुरुवारी मिस बेव्हर्लीचा फोन आला. "आनंदाची बातमी! उद्या नऊला अख्खी समिती खास तुझ्यासाठी बसतेय. संचालकसुद्धा येणार आहेत."

"उद्या नऊला माझी परीक्षा आहे!"

"अगं, तुला परीक्षेला बसता यावं म्हणूनच तर समिती!"

एर्नेस्टीनने फोन ठेवला आणि ओट्यावरचा घेवड्याचा एक डबा उगाचच आपटला.

शुक्रवारी ती समितीकडे फिरकलीच नाही. हजेरी लागली, परीक्षा सुरू झाली. दोन पोलादी पट्ट्या जोडायच्या आणि मग जोड वाकवून बघायचा. चीर गेली की नापास. जोडावरचा शेवटचा थर अर्ध्यावर आला असताना मिस बेव्हर्ली धापा टाकत आत शिरली. हॉयटनी घाईघाईने एक मुखवटा तिच्या डोक्यावर चढवला, म्हणून डोळे वाचले. पण त्याच्या काळ्या काचेतून काहीच दिसेना, तशी ती एकेका वेल्डरच्या कप्प्यात चाचपडू लागली. पहिल्या खांद्याला दाढी निघाली. दुसऱ्या खांद्याने शिवी दिली. तिसरा खांदा एर्नेस्टीनचा होता.

"बाळ, समिती खोळंबलीय!"

एर्नेस्टीनचा हात थांबला नाही. "मिस बेव्हर्ली, तुम्हाला मला खरंच मदत करायचीय?"

"म्हणजे काय! आठवडाभर दुसरं काय करतेय मी?"

"मग त्या दारात उभ्या राहा. मला मदत करायला कुणी आलं तर आत सोडू नका."

मिस बेव्हर्ली क्षणभर घुटमळली. मदत नेमकी काय हवी, हे आजवर एकाही विद्यार्थ्याने तिला इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं नव्हतं. ती मुखवट्यासकट दारात जाऊन उभी राहिली.

पाचच मिनिटांत संचालक सॅटरफील्ड तिथे आले.

"कोण, बेव्हर्ली? ती मुलगी कुठे आहे?"

"कामात आहे. आत जाता येणार नाही, सर."

"अहो, पण तिला आपल्या मदतीची गरज आहे!"

"तीच चाललीय," मिस बेव्हर्ली मुखवट्याआडून म्हणाली. "तुम्ही मध्ये येऊ नका."

आत तपासनीस व्हर्ना स्टोव्हॉलने जोडलेली पट्टी यंत्रात घातली. पट्टी हळूहळू वाकली. व्हर्नाने चष्मा लावून जोड निरखला, उलटा करून पुन्हा निरखला. चीर कुठेच नव्हती. हॉयटनी उगाचच नाक शिंकरलं.

"सोमवारी सकाळी सहाला ये," व्हर्ना म्हणाली. "विमा पहिल्या दिवसापासून. पण आधीच सांगते, काम बार्जच्या पोटात असतं. काळोख, उकाडा, आणि फोन आत न्यायचा नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुला कुणी बोलावू शकत नाही."

एर्नेस्टीनने मुखवटा काढला. "कुणी म्हणजे कुणीच नाही?"

"आग लागली तरच."

एर्नेस्टीनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बाई," ती म्हणाली, "आज दुपारपासून आले तर चालेल का?"