साळूबाईच्या कुंड्या आणि देवीचं आवडतं फूल

बाळांनो, जरा पुढं सरकून बसा. एका जंगलात फरशी बसवली होती.

हसू नका. जंगलाचे राजे सिंहमहाराज. त्यांच्याकडे एकदा पाहुणे आले आणि पाहुण्यांच्या पायाला चिखल लागला. तेव्हापासून महाराजांनी सुशोभीकरण हाती घेतलं. झाडांचे बुंधे तेवढे सोडले, बाकी सगळीकडे फरशी. कुणाला काही लावायचं असेल तर त्यानं आपल्या ओट्यावर कुंडीत लावावं, असं ठरलं. जंगलात राहून कुंडीत झाड लावायचं. पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही. फरशी पुसायला सोपी होती.

त्या जंगलात साळूबाई नावाची साळिंदर राहायची. तिच्या बिळापुढं ओटा होता. दोघीजणी बसल्या की तिसरीनं उभं राहावं, एवढासाच. त्यावर तिनं बाग केली होती. फुटक्या माठात मिरची, गळक्या बादलीत वांगं, तेलाच्या डब्यात जास्वंद. तळाला भोकं पाडायची, नारळाच्या शेंड्या घालायच्या, वर कुजलेला पालापाचोळा. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा ती वाया जाऊ देत नसे.

हौस होती, पण नुसती हौस नव्हती. साळूबाईची लेक येसू मोठी होत चालली होती आणि तिच्या अंगावर काटे उगवत नव्हते. साळिंदराच्या पोरीला काटे नाहीत म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. कोल्होबा रोज ओट्यापाशी थांबायचे. "कशी आहे आमची येसू? जेवते ना नीट?" असं फार मायेनं विचारायचे.

तेव्हा साळूबाई वडाखालच्या वनदेवीला बोलली, "आई, मी वाढवलेलं फूल माझ्या हातानं तुला वाहीन. पोरीला काटे दे." तिनं व्रत धरलं. काटे येईपर्यंत एकवेळ जेवायचं, कुणाशी भांडायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही.

जास्वंदीला कळी आली. साळूबाई रोज तिला पाहून येई, ताप आलेल्या पोराला पाहावं तशी. उद्या उमलणार, असं दिसलं. सकाळी आंघोळ करून बाहेर येते तर नुसता देठ.

फूल गेलं कुठं, हे शोधावं लागलं नाही. ते देवीच्या डोक्यावर होतं. आणि देवीपुढं सगुणाकाकू बसल्या होत्या.

सगुणाकाकू म्हणजे वानरीण. भजनी मंडळाच्या अध्यक्ष. उजाडायच्या आत त्या आकडी आणि परडी घेऊन निघायच्या आणि सगळ्यांच्या ओट्यांवरची फुलं काढून आणायच्या. स्वतःच्या ओट्यावर त्यांनी एकही कुंडी ठेवली नव्हती. मातीनं सोवळं मोडतं, म्हणायच्या.

"काकू, माझ्या डब्यातलं जास्वंद तुम्ही आणलंत का?"

"मी कोण आणणार, बाई? देवीनं मागून घेतलं. माझे नुसते हात."

"मला ते माझ्या हातानं वाहायचं होतं. येसूसाठी बोलले होते."

"अगं, मग तुझी खेप वाचवली की मी. राग नाही ना आला?"

व्रतात खोटं बोलायचं नव्हतं. "आला," साळूबाई म्हणाली. "पण व्रतात तो ठेवायचा नसतो, म्हणून परत पाठवला."

"शहाणी गं माझी," काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुसरं फूल घेऊन गेल्या.

साळूबाईनं जास्वंदीवर टोपली पालथी घातली. काकूंना फार बरं वाटलं. "दवानं भिजू नये म्हणून कुणी इतकं जपून ठेवतं का हल्ली?" त्या मंडळात म्हणाल्या.

शेवटी साळूबाई सिंहमहाराजांकडे गेली. महाराज देवळापाशीच बसत. प्रसादाचा शिरा काकू करायच्या.

महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. मिशीला लागलेलं तूप पुसलं. "फूल शेवटी गेलं कुणाकडं?"

"देवीकडं."

"म्हणजे तक्रार देवीवर आहे. ती आमच्याकडं चालत नाही."

आणि निकाल देताना त्यांनी असंही सांगितलं, की डबा ओट्याच्या अगदी कडेला ठेवावा. आत वाकून काकूंची कंबर दुखते.

घरी येऊन साळूबाई ओट्यावर बसली. आता काय करायचं? कोल्होबांनी त्या दिवशी येसूला मांडीवर घेऊन पाहिलं होतं. "भरली हो पोर," म्हणाले होते.

तेवढ्यात तिचं लक्ष गळक्या बादलीकडं गेलं. वांग्याला फूल आलं होतं. जांभळं, मान खाली घातलेलं. काकू रोज त्याच्या शेजारून जायच्या, पण देवीला वांग्याचं फूल कुणी वाहत नसे, म्हणून काकूंच्या लेखी ते फूलच नव्हतं. आता ते तोडायचं म्हणजे एक वांगं कमी. साळूबाईनं तोडलं. दुपारी देऊळ रिकामं असताना ते देवीच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाली, "आई, हेच आहे गं."

देवी पावली. दोनचार दिवसांत येसूच्या पाठीवर राठ काहीतरी लागायला लागलं. मग काटेच काटे. कोल्होबांची चौकशी बंद झाली.

साऱ्या जंगलात एकच बोलणं. काकूंच्या पुष्पसेवेमुळं येसूला काटे आले. महाराजांनी काकूंचा सत्कार ठेवला. हाराला फुलं कमी पडली, ती साळूबाईच्या डब्यातून नेली.

 साळूबाईनं उद्यापन केलं. शेजारणींना बोलावून भरली वांगी वाढली, व्रत देवीच्या पदरात टाकलं.

संध्याकाळी काकू एकट्याच आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "साळू, मंडळी माझं नाव घेतायत खरं. पण मी जन्मभर फुलं वाहतेय आणि माझ्या गुडघ्यांना काही गुण नाही. तू कुठलं फूल वाहिलंस गं?"

साळूबाईनं बादलीकडं पाहिलं. वांगं फुलांनी लगडलं होतं. खरं सांगितलं तर उद्या साऱ्या जंगलात वांग्याला फूल राहणार नव्हतं. आणि फूल नाही तिथं वांगं कुठलं?

उद्यापन होऊन गेलं होतं.

"खाजकुयलीचं," ती म्हणाली.

"ओढ्यापलीकडं होते तीच का?"

"तीच. फरशी अजून तिकडं गेली नाही, म्हणून मिळते. पण काकू, आकडी चालत नाही हं. शेंगा बाजूला करून हातानंच काढायचं. आणि कुणाला सांगायचं नाही."

दिवे लागायच्या आत काकूंनी सगळ्या मंडळाला सांगितलं.

बाळांनो, खाजकुयलीच्या शेंगेवर बारीक लव असते. ती अंगाला लागली की काय होतं, ते करून पाहू नका. सकाळी मंडळ देवळात होतं, पण बसलेलं कुणी नव्हतं. कुणी खांबाला पाठ घासत होतं, कुणी फरशीवर लोळत होतं. काकू हात वर करून नाचत होत्या. त्यांचे गुडघे इतके चांगले वर उचललेले कुणीच पाहिले नव्हते.

महाराज शिऱ्याला आले आणि पाहून त्यांनी हात जोडले. "देवी अंगात आली," ते म्हणाले. "आम्हालाही ते फूल द्या."

आता त्या जंगलात तेच फूल चालतं. जो जास्त खाजवतो तो जास्त भाविक. जास्वंदीकडं कुणी ढुंकून पाहत नाही.

साळूबाई रोज दुपारी परडीभर जास्वंद घेऊन जाते. आधी देवीपुढं कान धरते. मग फुलं वाहते.

तात्पर्य : व्रत चालू असताना खोटं बोलू नये. उद्यापन होईपर्यंत धीर धरावा.