गोधडीतली रायफल

दिनकर लाडांच्या गाडीत मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेलं कोणीतरी झोपलं होतं. सीटबेल्ट नीट लावलेला, बाजूला दोन उशा. मला ओहायोतल्या कोलंबसला नोकरीवर रुजू होऊन चारच दिवस झाले होते. ऑफिसात कोणीतरी दिलेल्या नंबरावर मी फोन केला होता, आणि "शनिवारी जेवायला या, मी न्यायला येतो" असं म्हणून हे गृहस्थ खरोखर आले होते. डब्लिन या उपनगरातल्या त्यांच्या घरापर्यंतचा सगळा रस्ता मी दबक्या आवाजात बोललो, बाळ उठू नये म्हणून. लाडसाहेबही हळू बोलत होते आणि गाडी इतकी सावकाश हाकत होते की मागून येणारा जो तो आमच्याकडे रोखून बघत पुढे जात होता.

घराशी उतरल्यावर मी विचारलं, "बाळाला मी घेऊ का?"

"नको, तुम्हाला जमणार नाही," ते म्हणाले. "सहा किलो आहे, आणि दुर्बिणीला धक्का लागता कामा नये."

गोधडीत रायफल होती.

ही गोष्ट ब्याऐंशी सालची. तेव्हा आमच्या गावात मराठी घरं मोजून पंधरा-सोळा. कोणाला टेनिसचा नाद, कोणाला सतारीचा, एकाला तर अंगणात अळू लावण्याचा. पण बंदूकवाला मराठी माणूस एकच होता. त्यांच्यासमोर मात्र बंदूक हा शब्द काढायची सोय नव्हती. "बंदूक दरोडेखोराकडे असते," ते म्हणायचे. "हे मोजमापाचं उपकरण आहे."

लाडसाहेब मूळचे सांगलीचे. तिथल्या एका मशीन शॉपमध्ये उमेदवारी केलेली, मग पुढचं शिक्षण, मग ओहायोतल्या बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीचं काम. इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ, आणि या थाऊवर त्यांचा संसार चालायचा. वरणात मीठ दोन थाऊ जास्त असायचं. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण टॉलरन्सच्या बाहेर जायचं. मी नवा कोट घालून गेलो तर त्यांनी बाह्यांकडे बघून सांगितलं, "डावी चाळीस थाऊ लांब आहे." घरी येऊन मी पट्टी लावली. डावी लांब होती.

त्यांना हा नाद लागला तो कारखान्यातल्या एका अमेरिकन सोबत्यामुळे. तो त्यांना आपल्या रायफल क्लबात घेऊन गेला. तिथे लोक सिमेंटच्या बाकावर वाळूच्या पिशव्या मांडून, त्यांवर रायफल टेकवून, शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या मारत होते. मधोमध लागल्या की नाही याची कोणाला पर्वा नव्हती. पाच भोकं एकमेकांपासून किती दूर पडली, एवढंच मोजायचं. सगळ्यात चांगल्या नेमबाजाची पाच भोकं मिळून एकच भोक दिसायचं, शर्टाच्या बटणाखाली झाकलं जाईल एवढं.

"अमेरिकेत येऊन नऊ वर्षं झाली होती," लाडसाहेब सांगायचे. "पण ओळखीची माणसं मला त्या दिवशी भेटली."

त्यांनी आयुष्यात डास मारला नव्हता. घरात कोळी दिसला तर पोस्टकार्डावर घेऊन बाहेर सोडायचे. त्या सोबत्याने एकदा हरणाच्या शिकारीला बोलावलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे नकार दिला. म्हणाले, "हरणाला व्हर्नियर लावता येत नाही."

तळघर हे त्यांचं देवघर होतं. तिथे चपला काढून जायचं, शिंकायचं नाही. भिंतीला आडवी टांगलेली सफाईची लांब सळई, ओळीने बाटल्या, ब्रश, आणि मधोमध लाकडी घोडीवर ठेवलेली ती जाड नळीची रायफल. तिचा ट्रिगर इतका हलका होता की एका लिंबाएवढा भार पडला तरी सुटायचा. नेम धरताना तिला हात लावायचाच नाही. ती पिशव्यांवर आपली आपण बसलेली, आपण फक्त बोटाचं टोक पुढे न्यायचं. पिशव्यांवरून ती सरकावी म्हणून त्यांवर बेबी पावडर चोळायची. कुसुमवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, महिन्याला पावडरचे चार-चार डबे घ्यायच्या. दुकानात ते एका काकूंनी पाहिलं. कुसुमवहिनी तेव्हा पन्नाशीच्या, एकुलता एक मुलगा कॅलिफोर्नियात शिकायला गेलेला. पुढच्या महिन्यात मंडळाच्या जेवणाला दोन बायका त्यांच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. वहिनींनी ते घेतले, आणि घरी जाऊन नवऱ्याला त्यातला एकही दिला नाही.

सफाई हा लाडसाहेबांचा खास विषय. दर पंधरा-वीस गोळ्यांनंतर नळी साफ करायची, ती मागून पुढे, आणि सळई तिरकी जाऊ द्यायची नाही. "नळी पुढच्या तोंडाने साफ करणाऱ्या माणसाच्या घरात मुलगी देऊ नये," असं त्यांचं मत होतं. सफाईला लागायचे कापडाचे बारके चौकोन. विकतचे त्यांना पसंत नव्हते. बऱ्याच प्रयोगांनंतर त्यांनी ठरवलं की वहिनींच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती साड्यांसारखं कापड जगात नाही. गुरुवारी दुपारी वहिनी खुर्चीत बसून चौकोन कापायच्या आणि बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवायच्या. तेही सव्वा इंच म्हणजे सव्वाच इंच.

"हे माझ्याशी बोलतात ते एवढ्यापुरतंच," वहिनी हसत माझ्या बायकोला सांगायच्या. "कापड संपलं, कापड आण. मी यांच्या नळीची धोबीण आहे."

मला नेमबाजीतलं काही कळत नव्हतं, पण शनिवारी त्यांच्याबरोबर जायला आवडायचं. गावाबाहेर मक्याच्या शेतांना लागून क्लबाची जागा होती. लाडसाहेब लक्ष्यापर्यंत वाऱ्यासाठी छोट्या झेंड्या रोवायचे आणि मग बाकाशी बसून त्यांच्याकडे बघत राहायचे. दहा-दहा मिनिटं काही घडायचं नाही. मग सगळ्या झेंड्या एकाच बाजूला झुकल्या की पाच गोळ्या भराभर, आणि मग वहीत नोंद. तारीख, तापमान, वारा, भोकाचं माप. मी शेजारी बसून थर्मासमधला चहा प्यायचो. गावाकडच्या आठवणी, आईची पत्रं, मुलांचं इंग्रजी, सगळं मी त्या बाकाशेजारी बोललो आहे. ते ऐकत होते की वारा बघत होते, मला कधी कळलं नाही.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात एकदा मी तो बिस्किटांचा डबा उघडला आणि चौकोन पाहून मला हसू आलं. एकाची कड नागमोडी, एक त्रिकोणाकडे झुकलेला, एकाचे कोपरे फाटलेले. "लाडसाहेब," मी म्हटलं, "आज माल रिजेक्ट करावा लागणार."

"चालतं," ते म्हणाले आणि त्यातलाच एक वाकडा चौकोन सळईला लावून नळीत घातला.

मी त्यांना 'चालतं' म्हणताना कधी ऐकलं नव्हतं.

महिन्याभराने माझ्या बायकोकडून कळलं. कुसुमवहिनींचा उजवा हात थरथरत होता, आणि आता डावाही. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितलं होतं. वहिनींनी बरेच महिने घरात लपवून ठेवलं होतं. "यांना कळलंच नाही," असं त्या बायकोला म्हणाल्या. "यांचं लक्ष कुठे असतं."

त्या वर्षी लाडसाहेबांची रायफल फार चांगली चालत होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी क्लबाची वर्षातली मोठी स्पर्धा असायची. पहिल्या तिघांची नावं भिंतीवरच्या फळीवर लिहीत. लाडसाहेब सहा वर्षं त्या फळीखालून ये-जा करत होते. या खेपेला त्यांचं नाव लागणार असं क्लबातले लोकच म्हणू लागले होते.

स्पर्धेच्या दोन आठवडे आधी मी त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींनी चहा आणला. कप अर्धेच भरलेले होते. बसता बसता त्या सहज म्हणाल्या, "मला एकदा मारून बघायचंय."

"काय?" लाडसाहेब म्हणाले.

"तुमचं ते उपकरण. इतकी वर्षं त्याचं धुणं केलं, एकदा बघू तरी द्या. पुढच्या वर्षी जमेल की नाही कोणास ठाऊक."

मला वाटलं ते काहीतरी सबब सांगतील. लिंबाएवढ्या भाराने सुटणारा ट्रिगर आणि थरथरणारं बोट, यांची सांगड कशी बसायची? लाडसाहेबांनी चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि तळघरात गेले. पुढचे दहा-बारा दिवस त्यांनी माझा फोनही घेतला नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांनी मला यायला सांगितलं. "बरोबर साडेदहाला बाकाशी हवं," असं बजावून. वहिनी साडीवर जाड कोट घालून आल्या होत्या. पायात पांढरे बूट, अंबाड्यावरून कानावर बसवलेल्या, आवाज अडवणाऱ्या मोठ्या कानपट्ट्या. क्लबाची देखरेख करणारा डेल हा दाढीवाला, दणकट माणूस. त्याने टोपी काढून त्यांना खुर्ची दिली.

लाडसाहेब झेंड्या रोवायला गेले तेव्हा बाकावर त्यांची वही होती. वेळ घालवायला मी ती चाळली. पहिल्या पानावर त्यांची पहिल्या दिवसाची नोंद होती. शेवटच्या पानांवर वारा आणि तापमान यांच्या शेजारी एक नवा रकाना आखलेला दिसला. वर नुसतं 'कु.' लिहिलं होतं. खाली तारखा आणि वेळा. औषधाची गोळी आठला घेतली, हात शांत दहा वीस ते बारा. झोप नीट नाही, हात शांत फक्त पाऊण तास. असे कितीतरी दिवस. मागे उलटत गेलो तर रकाना जानेवारीपासून सुरू होत होता, वहिनी डॉक्टरांकडे गेल्या त्याच्या कितीतरी आधीपासून.

मी वही मिटून ठेवली.

"ट्रिगर बदललाय," परत आल्यावर ते मला हळूच म्हणाले. "आता चांगला जड आहे. बोट टेकलं, हललं, तरी सुटणार नाही. मनापासून दाबावं लागेल."

"आणि उद्या?"

"त्यासाठी सगळी उघडायला लागली. परत जुना बसवून, चाचणी घेऊन, उद्या सकाळपर्यंत नाही होणार."

"मग स्पर्धा झाल्यावर करायचं होतं ना हे."

"पुढच्या आठवड्यात थंडी पडणार. थंडीत हिचा हात जास्त हलतो," ते म्हणाले आणि वहिनींच्या खुर्चीची उंची बघायला वाकले.

वहिनी बसल्या. लाडसाहेब त्यांच्या मागे उभे राहिले. मनगटाखाली त्यांनी एक छोटी वाळूची पिशवी सरकवली. "घाई नाही. दुर्बिणीतून बघ. दिसतंय?"

"दिसतंय. पण ते हलतंय."

"हलू दे. मधे आलं की दाब."

पहिला बार झाला तशा वहिनी दचकल्या आणि मग हसायला लागल्या. दुसऱ्याला नाही दचकल्या. पाच गोळ्यांना त्यांनी चांगला अर्धा तास घेतला. तेवढा वेळ डेलने शेजारच्या बाकांवर कोणाला येऊ दिलं नाही. लाडसाहेब झेंड्यांकडे बघत, वहिनींच्या खांद्यावर बोट टेकवून 'आता' अशी खूण करत होते.

कागद आणला. लाडसाहेबांनी तो बाकावर पसरला, खिशातून व्हर्नियर काढलं, चष्मा पुसला आणि तीन वेळा माप घेतलं. "एक इंच, एकशे चाळीस थाऊ," त्यांनी जाहीर केलं आणि वहीत लिहिलं.

"म्हणजे चांगलं की वाईट?" वहिनींनी विचारलं.

"पहिल्या दिवशी माझं याहून मोठं होतं," लाडसाहेब म्हणाले.

पहिलं पान मी तासाभरापूर्वीच वाचलं होतं. त्यांचं याहून बरंच लहान होतं. वही बाकावर, आम्हा तिघांच्या मधे पडलेली होती. मी चहाचा थर्मास उघडायला लागलो.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेत त्यांचा अकरावा नंबर आला. लोकांनी येऊन हळहळ व्यक्त केली, कोणी वाऱ्याला दोष दिला. लाडसाहेबांनी सगळ्यांचे आभार मानले आणि झेंड्या गोळा केल्या.

दुपारी मी त्यांच्याबरोबर तळघरात बसलो होतो. ते नळी साफ करत होते. वर स्वयंपाकघरात वहिनी फोनवर मुलाला इंच आणि थाऊ समजावून सांगत होत्या, पुन्हा पुन्हा, मोठ्या आवाजात.

"आता जुना ट्रिगर परत बसवणार ना?" मी विचारलं.

"नको. राहू दे." सळई नळीतून पुढे गेली, त्यांनी ती काढून पुसली. "मे महिन्यात परत यायचंय म्हणते."

मग सळई हातात तशीच धरून, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "येईल ना हो ती?"

त्यांनी मला तोवर कधी काही विचारलं नव्हतं. "येतील की," मी म्हटलं.

मे महिन्यात वहिनी आल्या. त्याच्या पुढच्या मे महिन्यातही आल्या. त्या खेपेला गाडीपासून बाकापर्यंतच्या पन्नास पावलांना बराच वेळ लागला. दोघं हात धरून चालत होते आणि वहिनी काहीतरी सांगत होत्या. लाडसाहेब मधेच थांबून, त्यांच्याकडे मान वळवून, ऐकत होते. मी सामान घेऊन मागेच राहिलो.