दामूकाकांचा एकुलता एक निर्णय

दामूकाका वांगी घ्यायला निघाले की मलकपेठच्या बाजारात आधी पानिपत होई. टोपलीसमोर उभे राहून ते भाजीवालीला विचारत, "भाऊसाहेब अंबारीतून उतरले नसते, तर काय झालं असतं?" तिला तेलुगूखेरीज काही येत नसे. ती निमूट तागडी धरून बसे. "म्होरक्या दिसला पायजे, सूनबाई," काका मग माझ्याकडे वळत. "अंबारी रिकामी दिसली आन् फौज पळाली. खल्लास!" मागे गिऱ्हाइकं खोळंबत. शेवटी काकू पुढे होऊन चार काटेरी वांगी पिशवीत टाकत आणि लढाई संपे.

दिल्लीत नवं आर्थिक धोरण आलं, त्याच सुमाराला आम्ही पुण्याहून हैदराबादेत आलो. काका आमचे शेजारी, मला सूनबाईच म्हणत. मूळचे नांदेडकडचे, पण निजामाच्या काळापासून घराणं इथंच. एका सरकारी कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होते. काकू सरकारी शाळेत शिक्षिका. आम्ही फ्रीज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणला, तेव्हा काकांनी दिल्लीहून देवगिरीला राजधानी हलवणारा सुलतान सांगितला. मुलीला कुठल्या शाळेत घालावं म्हणून मी कुरकुरले, तर पुरंदरचा तह सांगितला. "तेवीस किल्ले दिले महाराजांनी! घ्यायला काय, कोणीबी घेतो. द्यायला छाती लागते. निर्णय म्हणजे उडी, सूनबाई. पायऱ्या शोधत बसायचं नक्को."

खुद्द काकांना हॉटेलात इडली की डोसा हे ठरवता येत नसे. वेटर दोनदा येऊन जाई, मग काकू ठरवत. अंगातला शर्टही काकूच काढून ठेवत. "लग्न ठरलेलं यांना हळद लागल्यावर कळलं," असं काकू सांगत. सांगताना हसत नसत.

कारखान्यात मात्र जेवणाच्या सुट्टीत काकांभोवती घोळका जमे. त्यात लेथ मशीनवर काम करणारा यादगिरी पहिला. तो रविवारी घरीही येई, काकांच्या लढाया तोंड उघडं ठेवून ऐके. मग एक दिवस कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. सही करा, एकरकमी पैसे घ्या, घरी जा. यादगिरीला आपल्या गल्लीत पिठाची गिरणी टाकायची होती. जागाही पाहून ठेवली होती त्यानं.

"साब, दस्तखत करूं क्या?" आमच्या सामाईक अंगणात त्यानं विचारलेलं मी ऐकलं.

"रुक. सोचता मैं," काका म्हणाले.

मुदतीच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी सभा होती. युनियनचे पुढारी फिरकलेच नाहीत. माणसं घाबरली. कुणीतरी काकांना स्टुलावर चढवलं. "साब, तुम बोलो. तुमकू सब मालूम."

त्या संध्याकाळी काका झेंडूचा हार घालूनच घरी आले. घसा बसला होता, डोळे चमकत होते. "बोललो! किल्ला छोडना नक्को, बोललो. टराटरा अर्ज फाडले सगळ्यांनी. यादगिरीनं पहिला फाडला!"

काकू भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आणि पुरंदर?"

"ते वेगळं," काका म्हणाले.

काही वेगळं नव्हतं. दोन वर्षं पगार रखडत राहिले, मग फाटकाला टाळं लागलं. आधी सह्या करून गेलेल्यांच्या हाती निदान काही पडलं होतं. मागे राहिलेल्यांना थकलेल्या पैशांसाठी हेलपाटे. गिरणीची जागा केव्हाच दुसऱ्या कुणी घेतली. एका दुपारी यादगिरीची बायको पोचम्मा काकांच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही.

"साब, तुम्हारे घर में मेडम की तनखा आती. हमारे घर में क्या आती?"

काकूंनी पाणी आणलं. तिनं ते घेतलं नाही आणि ती निघून गेली. काका खांबाला धरून उभे होते. आयुष्यात एकच निर्णय घेतला होता, तोही दुसऱ्यांच्या चुलीवर.

त्यानंतर बाजारात पानिपत झालं नाही. हार घालणारी माणसं काकांना पाहून रस्त्याची बाजू बदलत. कारखान्याच्या रंगखात्यातला एक जण टोमॅटोची गाडी लावू लागला होता. तो काकांना टोमॅटो तोलून देई, पण मान वर करत नसे. सडके निघाले तरी काका त्याच्याकडूनच घेत.

एकदा मी धीर करून विचारलं, "काका, त्या दिवशी तसं का बोललात?"

"गर्दी होती गं. एवढी माणसं तोंडाकडं बघायला लागली, की माघार तोंडातून निघत नाही." मग म्हणाले, "कोण जिंकला ते लिहितात. कोण पडला तेबी लिहितात. जो हरून जित्ता राहिला आन् त्याच गल्लीत भाजी आणायला गेला, त्याचं कोणी लिहीत नाही."

पुढे ते रोज संध्याकाळी कुठंतरी जाऊ लागले. मारुतीला जात असतील, असं काकू म्हणत. पण नव्या अपार्टमेंटच्या फाटकाशी मीच त्यांना पाहिलं. यादगिरी तिथं वॉचमन झाला होता. ढगळ निळा गणवेश, गळ्यात शिट्टी. तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, काका जरा अंतरावर कट्ट्यावर. दोघं रस्त्याकडे बघत बसलेले.

घरी आल्यावर विचारलं, "काय बोलता तुम्ही दोघं?"

"काही नाही. पहिल्या दिवशी मी माफी मागितली. तो उठून फाटक उघडायला गेला. गाडी आलेली नव्हती."

"मग रोज कशाला जाता?"

"बस म्हणत नाही तो," काका म्हणाले. "पण ऊठ बी म्हणत नाही."

परवा मी पुन्हा तिथून जात होते. एक लांबलचक नवी गाडी हॉर्न वाजवत आली. यादगिरी धडपडत उठला, फाटक ओढलं आणि टाच जुळवून सलाम ठोकला. काचेआडून कुणी पाहिलंही नाही. तेवढा वेळ काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. खुर्ची करकरली, यादगिरी पुन्हा बसला, तेव्हाच ते वळले.