नियम चौदा आणि उबाल्दोकाकांचा तुंबा

लास गार्सासच्या शाळेत सुरक्षित अंतराचा प्रश्न खरं तर कुणाला पडायलाच नको होता. शाळा माळावर एकटी उभी. सगळ्यांत जवळचं घर दीड किलोमीटरवर, आणि तिथंही माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. वर्ग तीस मुलांचा, मुलं सात. त्या सातांतली सहा विल्मारची, म्हणजे एकाच घरातली, एका पलंगावर तीन-तीन झोपणारी. पण राजधानी मोंतेविदेओहून साथीचा कागद आला होता की दोन मुलांत दोन मीटर हवेत, आणि एलिदाबाई कागदाला मान देणाऱ्या. त्यांनी टेप घेऊन सकाळभर बाकं सरकवली. शेवटी दोन बाकांत चार-चार मीटर आले, आणि मागच्या मुलाला फळा दिसेल का ही नवीच काळजी त्यांच्या मागे लागली.

शाळा बंद होऊन पाच आठवडे झाले होते. तेवढे दिवस अभ्यास दुधाच्या टँकरनं चालला. टँकरवाला एबेर फाटकाफाटकावर वह्यांच्या पिशव्या अडकवायचा आणि दुसऱ्या दिवशी गोळा करायचा. वह्या परत यायच्या त्या दुधाचा वास घेऊन. विल्मारच्या सहाही मुलांच्या वह्यांत एकच चूक असायची, पहिलीच्या वहीतसुद्धा आणि सहावीच्या वहीतसुद्धा. बाई ती चूक सहा वेळा लाल करायच्या आणि मग रिकाम्या वर्गात बसून राहायच्या. बावीस वर्षं त्या या शाळेत होत्या. पोरांचा गोंगाट नसला की त्यांना चक्क जेवण जात नसे.

आता खेड्यातल्या शाळा आधी उघडायच्या ठरल्या होत्या. अट अशी की किमान सात मुलं हवीत आणि सातांच्याही घरून सही हवी. सहा मुलांवर शाळेला वर्षभर कुलूप, बाईंची बदली शहरात. सहा सह्या विल्मारनं उभ्याउभ्या ठोकल्या होत्या. बायकोनं त्याला सांगितलंच होतं, शाळा उघडल्याशिवाय घरी येऊ नकोस. राहिली सातवी सही, झुल्माची. आणि झुल्मा काही सही करायला तयार नव्हती.

झुल्माला एकच मुलगी, नऊ वर्षांची रोमिना. पण घरात झुल्माची आईही होती, सेल्मिरा, वय एक्याऐंशी, गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं आजारी पडलेली. रोमिना शाळेतून काही घेऊन आली आणि आईला झालं तर, या विचारानं झुल्माची झोप उडाली होती. ती लिंबंसुद्धा साबणानं धुवायची. पाच आठवड्यांत तिनं आईला फाटकाबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं.

म्हणून शनिवारी दुपारी दोनला बाईंनी शाळेच्या अंगणात बैठक बोलावली. नियम एकेक करून वाचायचे, झुल्माच्या शंका मिटवायच्या, आणि चार वाजता एबेरच्या टँकरबरोबर सह्यांचा कागद शहरात पाठवायचा. निलगिरीखाली चुन्यानं चार गोल काढले होते, मोजून दोन-दोन मीटरवर, आणि प्रत्येक गोलात एक खुर्ची. चौथी खुर्ची पालक समितीच्या अध्यक्षांची, झुल्माच्या कुंपणापलीकडच्या उबाल्दोकाकांची. काकांची मुलं तीस वर्षांपूर्वी शाळा शिकून मोंतेविदेओला गेली, बायकोही वारली. पण अध्यक्षपदावरून त्यांना काढायचं कुणाला सुचलं नाही, आणि काकांनाही सोडायचं सुचलं नाही. ते वेळेवर आले. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात तुंबा.

आमच्याकडे थर्मास-तुंब्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. तुंबा म्हणजे पोखरून वाळवलेल्या भोपळ्याचा पेला. त्यात माते नावाचा कडू पाला, त्यावर गरम पाणी, आणि चोखायला एक चांदीची नळी. एक जण भरतो, सगळे आळीपाळीनं पितात. पिऊन झालं आणि आभार मानले की समजायचं, याला पुरे. नाही मानले तर तुंबा पुन्हा फिरून येतो.

"नियम एक," बाईंनी सुरुवात केली. "शाळेत येताना प्रत्येकाचा ताप बघायचा."

"आमच्याकडे थर्मामीटर आहे," विल्मार म्हणाला. "गाईंचा आहे, पण चालतो."

"तो कुठं लावतात माहितीये मला," झुल्मा म्हणाली. "माझ्या पोरीला नको."

"शाळेचा नवीन येणार आहे, कपाळाचा," बाई म्हणाल्या आणि घाईनं नियम दोनवर गेल्या.

झुल्मानं एकही नियम सहज सोडला नाही. दाराच्या कड्या कोण पुसणार? मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना शिवली तर? सहा भावंडांना वेगवेगळं बसवून काय उपयोग, घरी एकाच ताटावर तुटून पडतात. यावर विल्मार दुखावला आणि म्हणाला, "दोन ताटं आहेत." बाई शांतपणे उत्तरं देत होत्या, हाताला जेल चोळत होत्या. सगळेच चोळत होते. मास्क थोडा खाली यायचा आणि पुन्हा वर जायचा. तासाभरात तेरा नियम झाले, आणि झुल्माचा आवाज जरा मऊ पडला.

"नियम चौदा," बाई म्हणाल्या. "शाळेच्या आवारात एका तुंब्यातून दोघांनी माते प्यायचा नाही. ज्याचा त्याचा तुंबा, ज्याची त्याची नळी."

"हा मात्र शंभर टक्के बरोबर," झुल्मा म्हणाली. "सगळा रोग तिथूनच पसरतो."

"बिलकूल," विल्मार म्हणाला.

"मग समितीची मंजुरी घेऊ. हात वर करा."

चार हात वर झाले. उबाल्दोकाकांच्या हातात थर्मास होता. विल्मारचा हातही वर होता, आणि त्या हातात तुंबा होता, कारण त्याची पाळी चालू होती.

थोडा वेळ कुणीच हात खाली घेतला नाही. माळावर एक टिटवी तेवढी ओरडत गेली.

"हा कधीपासून फिरतोय?" बाईंनी विचारलं.

"नियम एकपासून," काका म्हणाले. "पाणी चांगलं होतं."

बाईंनी आठवून पाहिलं. त्या स्वतः पाच वेळा प्यायल्या होत्या. आधी जेल लावून, मग तुंबा धरून, मास्क खाली करून, घोट घेऊन, मास्क नीट वर करून. काकांनी हात लांब केला आणि घेणाऱ्यानं हात लांब केला की मधलं अंतर बरोबर दोन मीटर भरत होतं, म्हणून कुणाला काही खटकलंच नव्हतं.

"काका, तुम्ही अध्यक्ष," बाई म्हणाल्या. त्यांना रागवायचं होतं, पण आवाज रडवेला आला. "तुम्ही तरी थांबायचं."

"मी कसा थांबणार? तुमच्यापैकी एकानंही आभार मानले नाहीत."

झुल्मा पांढरीफटक पडली होती. "मी पण प्यायले," ती म्हणत होती. "मी. लिंबं धुणारी मी. आता घरी आईसमोर कुठल्या तोंडानं जाऊ?" तिनं विल्मारच्या हातातल्या तुंब्याकडे असं पाहिलं की जणू त्यातच सगळा रोग भरला होता. आणि मग ती पाहतच राहिली.

"हा तुंबा कुणाचा आहे?"

"काकांचा," विल्मार म्हणाला.

"काकांचा काळा होता. याला चांदीची कड आहे, आणि कडेवर सी कोरलाय, सेल्मिराचा सी. हा आईचा आहे. महिन्यापूर्वी हरवला म्हणून तिनं मला अख्खं घर उलथंपालथं करायला लावलं होतं."

उबाल्दोकाकांनी टोपी काढली, पुसली आणि पुन्हा घातली. बाई काहीतरी विचारणार, एवढ्यात फाटकाशी छकडा येऊन थांबला. वर हातात लगाम धरून सेल्मिरा बसली होती. पाच आठवड्यांत जिला कुणी बाहेर पाहिलं नव्हतं, ती.

"उबाल्दो," ती वरूनच म्हणाली, "तीन वाजून गेले. तारेपाशी उभी राहून माझे पाय दुखायला लागले. मला वाटलं, मेलास की काय."

"बैठक लांबली," काका पुटपुटले.

झुल्मा खुर्चीतून उठली. "आई, कसली तार? रोज तीनला तू मागे कोंबड्यांना दाणे घालायला जातेस ना?"

"कोंबड्या विकून दोन वर्षं झाली, झुल्मा."

विल्मारला हसू आलं, त्यानं ते मास्कमध्ये दाबलं. झुल्माला मात्र रडू कोसळलं. "मी पाच आठवडे रात्री जागून काढले. तुला काही होऊ नये म्हणून पोरीला शाळेत पाठवायला तयार झाले नाही, शाळा बुडाली तरी बुडू दे म्हणाले. आणि तू कुंपणाच्या तारेवरून यांच्याबरोबर एका नळीनं पितेस."

सेल्मिरा छकड्यावरून उतरली. चुन्याच्या गोलाबाहेर थांबली, तेवढा तिला नियम कळत होता. "माझं चुकलं," ती म्हणाली. "तुझ्याशी खोटं बोलले ते चुकलं. पण बाळ, तू लिंबं धुतलीस, दाराच्या कड्या धुतल्यास, मला विचारलंस का एकदा, आई तुला काय हवंय? मला बोलायला माणूस हवं होतं. तू दिवसभर फडकं घेऊन फिरतेस, आणि रोमिना टेप घेऊन माझ्या मागे फिरते, आजी दोन मीटर, आजी दोन मीटर. तारेपर्यंत जायचं तर रोज त्या पोरीला नवीन थाप मारावी लागते. माझ्या थापा संपल्या आता. पाठव तिला शाळेत."

झुल्मानं डोळे पुसले. डोळ्यांना हात लावायचा नाही हा नियम आठ होता, पण बाईंनी त्याचा विषय काढला नाही. त्या वेगळ्याच हिशेबात होत्या. त्यांनी कागद चाळला. "नियम बावीस. एका तुंब्यातून प्यायलेल्यांनी चौदा दिवस घरात राहायचं. आणि शाळा उघडायची सोमवारी, येत्या नाही, पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्या. म्हणजे सोळा दिवस आहेत. आजपासून सगळे घरी बसलो तर कुणाला काही झालं नाही हे आधीच कळेल. मी शेऱ्यात खरं काय ते लिहिते. मग जमेल, झुल्मा. पण कुणी कुणाकडे जायचं नाही."

"तारेपाशीसुद्धा नाही?" काकांनी विचारलं.

"तारेपाशी तर मुळीच नाही."

झुल्मानं एकदा आईकडे पाहिलं. मग तिनं पेन मागितलं, पेनाला जेल लावलं, आणि सही केली. एलिदाबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी तो कागद छातीशी धरला आणि चुन्याच्या दोन गोलांवरून पाय देत चालत गेल्या.

उबाल्दोकाका मात्र हलले नाहीत. ते सेल्मिराकडे बघत होते, आणि चौदा दिवस मोजत होते असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. आयुष्यात कुठल्याही कागदात त्यांनी रस घेतला नव्हता. आता त्यांनी घसा खाकरला.

"बाई, चौदाच्या पुढे आपण वाचलंच नाही. पंधरा काय आहे?"

बाईंनी चष्मा लावला. "एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबीयांना नियम चौदा लागू नाही."

"म्हणजे एका घरातले असले, तर एक तुंबा चालतो?"

"चालतो."

"आणि चौदा दिवस घरात बसायचं, ते एकाच घरात बसले तर?"

"तर चांगलंच. पण काका, तुम्ही तर एकटे—" बाई बोलता बोलता थांबल्या.

काका उठले. टोपी हातात घेतली. झुल्मासमोर बरोबर दोन मीटरवर उभे राहिले आणि शहाहत्तर वर्षांच्या माणसाला शोभेल अशा सावकाशीनं म्हणाले, "झुल्मा, मी तुझ्या आईपेक्षा पाच वर्षांनी लहान आहे. ताप नाही, खोकला नाही. माझी स्वतःची चाळीस मेंढरं आहेत. तुझी हरकत नसेल, तर मी आजच येतो म्हणतो."

"मला काय विचारताय?" झुल्मा म्हणाली. "मघाशी तिनंच सांगितलं ना, तिला विचारायचं."

"मी तीन वाजल्यापासून वाट बघतेय," सेल्मिरा म्हणाली. "थर्मास घे आणि बस गाडीत."

ठीक चारला टँकर आला. एबेरनं खिडकीतून सह्यांचा कागद घेतला आणि सवयीनं दुसरा हात तसाच बाहेर ठेवला. अकरा वर्षं या फाटकावर त्याला एक तुंबा मिळत आला होता. आज कुणी जागचं हललं नाही. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. झुल्माचे डोळे सुजलेले, बाईंचे ओले, काका टोपी काढून छकड्यात बसलेले. त्यानं हळूच इंजिन बंद केलं.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही रे," विल्मार म्हणाला. "काकांचं लग्न ठरलंय."

"मग तर द्यायलाच पाहिजे." एबेरनं हात आणखी लांब केला.

सेल्मिरानं काकांच्या हातून तुंबा घेतला, शेवटचा थेंब वाजेपर्यंत ओढला आणि त्यांना परत दिला.

"तुला कसा देणार?" ती म्हणाली. "तू काय आमच्या घरातला आहेस?"