दोन भाषांचं स्तोत्र आणि एका अक्षराची जागा

देवाला सगळ्या भाषा कळतात. आमच्या समितीला दोनच कळाव्या लागतात, आणि म्हणूनच तिचं काम देवाच्या कामाहून अवघड आहे.

ऑटवाच्या नदीकाठच्या आमच्या चर्चमध्ये निम्मी माणसं फ्रेंच बोलतात, निम्मी इंग्रजी, आणि भांडताना सगळी दोन्ही. म्हणून नियम आहे: गाणाऱ्यांच्या हातात पडणाऱ्या कागदावर दोन्ही भाषांनी सारखीच जागा व्यापली पाहिजे. मंजूर नसलेल्या कागदावरून इथे कोणी खोकतही नाही.

आमचे ऑर्गनवादक रोझेर केनेल यांनी एक्क्याऐंशीव्या वर्षी स्तोत्र रचलं. ईस्टरनंतर कानांचा भरवसा धरू नका, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. रोझेरकाकांना ते पंधरा गळ्यांतून एकदा ऐकायचं होतं, बस. (गाऊन सांगितलेला देव लवकर पोचतो, असं माझंही मत आहे. समितीने ते नोंदवून घेतलं.)

कागदावर सूचना एवढीच: दुसरं कडवं तिसऱ्या सुरावरून उचला, चौथं वरच्या सप्तकात. तिचा संक्षेप करताना अन्याय उघडकीस आला. फ्रेंच माणूस दोनच्या आकड्याला एक अक्षर जोडून (2e) ‘दुसरा’ म्हणतो. इंग्रजीवाल्याला दोन लागतात (2nd).

“मग तुम्हीही वाढवा की,” इंग्रजी बाजूच्या विनिफ्रेड टपर म्हणाल्या. “तुमच्यातले कितीतरी जण जास्तीची अक्षरं लावतात.”

“ते अडाणी लावतात, बाई,” फ्रेंच बाजूचे गाएतां मार्कू म्हणाले. “आम्ही उपाशी राहू, पण तसलं अक्षर लावणार नाही.”

सप्तकाचा संक्षेप दोन्ही भाषांत तंतोतंत एकच निघाला. असा एकोपा पूर्वी कधी आढळला नसल्याने तो चौकशीसाठी उपसमितीकडे गेला.

काका म्हणाले, “अरे, कागद राहू द्या. मी बोट वर केलं की चढा.”

“काका,” मार्कू अदबीने म्हणाले, “बोट कोणत्या भाषेतलं धरायचं?”

एकोणीस बैठका झाल्या, दोनशे बारा कप कॉफी झाली, मध्ये ईस्टरही होऊन गेला. शेवटी तोडगा निघाला: फ्रेंच आकड्यापुढे एका अक्षराची जागा कोरी सोडायची आणि ती फ्रेंच मानायची. ठराव एकमताने संमत झाला. दोन सभासदांचे डोळे पाणावले.

जूनमध्ये स्तोत्र गायलं गेलं. काका पहिल्या बाकावर बसून आमच्या तोंडांकडे बघत होते. संपल्यावर विनिफ्रेडबाई त्यांच्या कानाशी वाकून ओरडल्या, “कसं झालं, काका?”

काकांनी हातातला कागद सरळ केला. “छपाई सुरेख आहे, बाई.”

इतिवृत्तात नोंद आहे: रचनाकार समाधानी.

त्या कोऱ्या जागेची युक्ती तुम्हालाही पटली असेल. सुज्ञ माणसांना पटतेच. स्तोत्रात शब्द काय होते, हे मात्र एकोणीस बैठकांत कोणी विचारलं नाही. तुम्हीही इथवर आलात, विचारलं नाहीत. समितीत एक जागा रिकामी आहे.