पिवळं असेल तर विचारायचं नाही

एल्डन हाउगलँड हा कायदा पाळणारा माणूस होता. बेंट क्रीकच्या खोऱ्यात असे आणखीही काही लोक होते, पण एल्डनकडे त्याचा पुरावा होता. पुरावा म्हणजे साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, नारिंगी रंगाचं एक यंत्र. शिकारीच्या हंगामाआधी त्याने ते विकत घेतलं आणि गळ्यात अडकवलं. आपण या क्षणी कुणाच्या जमिनीवर उभे आहोत, हे ते यंत्र उपग्रहांना विचारून सांगत असे. सरकारी, म्हणजे सगळ्यांची, जमीन त्यात पिवळी दिसे. खाजगी जमीन पांढरी, आणि तिच्यावर मालकाचं नाव. दोन्हींच्या मध्ये केसासारखी काळी रेघ. यंत्र पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा एक लांबलचक सूचना आली होती आणि तिच्या तळाशी 'मान्य' असं बटण होतं. सगळे दाबतात तसं एल्डननेही ते दाबलं.

त्याआधी खोऱ्यात दुसरी पद्धत होती. ती मागासलेली होती. ज्याच्या रानात शिकार करायची, त्याच्या स्वयंपाकघराच्या दारावर हंगामाआधी जाऊन टकटक करायची. टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची. कॉफी प्यायची, गवत कसं आलं, लांडग्यांनी कुणाची वासरं नेली, याची चौकशी करायची, आणि उठता उठता, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात म्हणायचं, की यंदा त्या टेकडीवर एक चक्कर मारली तर चालेल का? घरमालकानेही हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्यासारखं खिडकीबाहेर बघायचं, आणि मग "चालेल" म्हणायचं. शिकार मिळाली तर जनावराचं काळीज त्या घरी नेऊन द्यायचं.

एल्डन असा उभा जन्म शेजारच्या मायरन टॉफ्टकडे जात आला होता. मायरनची बायको वारल्यापासून त्या दारावर टकटक करणारा एल्डनच काय तो उरला होता. तरी मायरन ऑक्टोबर लागला की टेबल पुसून ठेवायचा.

यंत्र आल्यावर एल्डनने ते पहिल्याच दिवशी मायरनच्या टेकडीकडे धरलं. टेकडीचा निम्मा उतार पिवळा होता. कुंपण एका जागी आणि काळी रेघ भलतीकडेच. कारण सरळ होतं. दोघांच्या जमिनींमध्ये सरकारी पट्टा होता. ते कुंपण एल्डनच्या बापाने आणि मायरनच्या बापाने मिळून घातलं होतं, आणि खडक लागला की दोघे खांब वळवून मऊ जमिनीत घालत. कुणी तक्रार केली नाही, कारण तक्रार करायला दोघांपैकी एकाला तरी पहार उचलावी लागली असती.

"म्हणजे इतकी वर्षं मी सरकारी जमिनीसाठी त्याची कॉफी पीत होतो," एल्डन बायकोला म्हणाला.

"कॉफी वाईट होती का?" व्हर्नाने विचारलं.

"प्रश्न कॉफीचा नाही. तत्त्वाचा आहे."

व्हर्ना भांडी घासायला वळली. घरात तत्त्व शिरलं की आपलं काम वाढतं, एवढं तिला संसाराने शिकवलं होतं.

त्या हंगामात एल्डन मायरनच्या दारावर गेला नाही. तो सरळ कुंपण ओलांडून पिवळ्यात शिरला आणि सकाळीच त्याला एल्क जातीचं हरीण दिसलं. घोड्याएवढा नर, शिंगं बाभळीच्या फांदीसारखी पसरलेली. खोऱ्यात वर्षानुवर्षं असा नर कुणाला मिळाला नव्हता. एल्डनने यंत्र पाहिलं, एल्क पिवळ्यात आहे याची खात्री केली आणि गोळी झाडली. एल्कने मात्र यंत्र पाहिलं नाही. तो चार उड्या मारून टेकडीच्या वरच्या अंगाला गेला, मागे वळला आणि बरोबर रेघेवर पडला. डोकं, शिंगं आणि पुढचे पाय पिवळ्यात. मागचा भाग पांढऱ्यात, जिथे 'एम. टॉफ्ट' असं लिहिलं होतं. पोट मधोमध.

गोळीचा आवाज ऐकून मायरन आला. त्याने आधी एल्क पाहिला, मग एल्डन, मग एल्डनच्या गळ्यातलं यंत्र.

"यंदा आला नाहीस," तो म्हणाला.

"गरज नव्हती. हे पिवळं आहे. पिवळं असेल तर विचारायचं नाही."

"आणि त्याचं ढुंगण?"

एल्डनने यंत्र पुन्हा पाहिलं. कायदा पाळणारा असल्यामुळे त्याने स्वतःच शिकारखात्याच्या वॉर्डनला फोन लावला.

वॉर्डन टेसा लुंडाल याच खोऱ्यातली पोरगी. दोघांच्याही मांडीवर खेळलेली, पण गणवेशात आली की दोघांनाही सारखंच रागावणारी. तिने स्वतःचं यंत्र काढलं. तिच्या यंत्रात रेघ एल्कच्या मानेवरून जात होती. एल्डनच्या यंत्रात पोटावरून. थोडं थांबून पाहिलं तर दोन्हीकडे ती सरकून शेपटीवर आली होती. टेसा म्हणाली की उपग्रह फिरत असतात, त्यामुळे इकडचं तिकडे होतं. मग तिघेही थांबले. ऊन चढत होतं. एल्डन एका पायावरून दुसऱ्या पायावर भार द्यायलाही घाबरत होता, तरी यंत्रातला त्याचा निळा ठिपका एकदा पिवळ्यात जाई, एकदा पांढऱ्यात. म्हणजे घटकेत तो सज्जन होता, घटकेत घुसखोर. तो जागचा हलला नव्हता; गुन्हाच हलत होता.

एल्कवर माशा जमू लागल्या. त्या दोन्ही बाजूंनी येत होत्या.

एल्डन म्हणाला, पोट फाडून आतडी काढली नाहीत तर दुपारपर्यंत मांस आंबेल. टेसाने मान डोलावली आणि नियम सांगितला. शिकारीचं मांस वाया घालवणं हा गुन्हा. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या जमिनीत पाऊल टाकणं हाही गुन्हा, मग जनावर आणायला का असेना.

"म्हणजे सोडून गेलो तरी गुन्हेगार, आणायला गेलो तरी गुन्हेगार?"

"नाही ना, काका. मधला रस्ता आहे. मायरनकाकांना विचारायचं."

मायरन तिथेच, हाताच्या अंतरावर उभा होता. तो खिडकीबाहेर बघतात तसा डोंगराकडे बघू लागला. एवढ्या वर्षांचा सराव होता त्याला. एल्डन गळ्यातलं यंत्र चाचपू लागला. आता विचारायचं म्हणजे यंत्र घेतलं ते कशाला? आणि एल्क तर सोडवत नव्हता.

शेवटी त्याला उपाय सुचला. शिंगं पिवळ्यात होती. त्याने शिंगांना दोर बांधला, खाली पिवळ्यातल्याच एका पाइनच्या झाडाला गाडीतली साखळीची कप्पी अडकवली आणि खेचायला सुरुवात केली. एल्क उतारावरून हळूहळू, मायरनचं गवत घासत, खाजगी मालकीतून सार्वजनिक मालकीत आला. टेसाने खूप विचार केला. माणूस आत गेला नव्हता, बाहेर आलं होतं ते जनावर, आणि जनावराने बाहेर येण्याविरुद्ध कलम नव्हतं.

मायरन म्हणाला, "छान खेचतोस लेका," आणि निघून गेला.

घरी मांस कापून झालं, पाकिटं झाली, फ्रीझर भरला. बशीत काळीज उरलं. व्हर्नाने विचारलं, हे कुणाकडे न्यायचं. एल्डन म्हणाला, जमीन सगळ्यांची होती.

"मग सगळ्यांना वाटून ये," व्हर्ना म्हणाली आणि बशी फ्रीझरमध्ये सारली.

पुढच्या रविवारी दोघं चर्चहून आली तर मायरन त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेला. बूट पायात, टोपी डोक्यावर. गळ्यात नवंकोरं नारिंगी यंत्र.

"टकटक करायची रीत राहिली नाही का?" एल्डन म्हणाला.

"गरज नव्हती," मायरन म्हणाला. "हे पिवळं आहे."

त्याने यंत्र पुढे धरलं. एल्डनच्या घराची मागची बाजूही त्याच दोन बापांच्या कुंपणाला लागून होती. काळी रेघ घराच्या मधून जात होती. झोपायची खोली आणि न्हाणीघर पांढऱ्यात, 'ई. हाउगलँड'. चूल, टेबल, फ्रीझर आणि मागचा व्हरांडा सगळ्यांचा.

एल्डनने ताबडतोब टेसाला बोलावलं. तिने सगळं नीट तपासलं आणि तिचा चेहरा गंभीर झाला. सरकारी जमिनीवर कुणालाही फिरायला, बसायला मोकळीक आहे, तेव्हा मायरनकाकांना उठवता येणार नाही. मुक्कामाला मात्र दोन आठवड्यांची मर्यादा आहे, नंतर तंबू हलवावा लागतो. एल्डनकाकांचा मुक्काम बापाच्या काळापासूनचा दिसतो. शिवाय पाऊस पडेपर्यंत सरकारी जमिनीवर विस्तव पेटवायला बंदी आहे.

व्हर्नाने चुलीवरचं भांडं पाहिलं. "म्हणजे मी सूप गरम करायचं नाही?"

"पांढऱ्यात करा, काकू."

"पांढऱ्यात संडास आहे."

एल्डन चिडून म्हणाला की ही रेघच चुकीची आहे, घर बापाने कुंपणाच्या आत बांधलं, कुंपण हीच हद्द. टेसाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की रेघ चुकीची असू शकते. तसं यंत्राच्या पहिल्या सूचनेतच म्हटलेलं असतं. खरं काय ते मोजणीदार सांगेल, आणि तो एक वसंत सोडून पुढच्या वसंतात येईल. तोवर ठरवायचं एल्डनकाकांनीच.

"कुंपण खरं मानलंत तर स्वयंपाकघर तुमचं. पण मग एल्क मायरनकाकांच्या जमिनीवर न विचारता मारलेला. मला फ्रीझर रिकामा करून न्यावा लागेल. रेघ खरी मानलीत तर एल्क तुमचा आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं. एका माणसाला दोन्ही मिळत नाही."

यंत्र खिशात घालत ती म्हणाली, "किंवा मायरनकाका म्हणाले की यंदाही परवानगी होती, तर मी इथे आलेच नव्हते."

सगळ्यांनी मायरनकडे पाहिलं.

"विचारलं तर सांगेन," मायरन म्हणाला.

फ्रीझर घरघरत होता. एक वाक्य. जन्मभर दरवर्षी म्हटलेलं, तोंडपाठ असलेलं एक वाक्य. एल्डनने यंत्राकडे पाहिलं. त्याचा निळा ठिपका झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यावर होता, पांढऱ्यात, कायदेशीर.

"रेघ," तो म्हणाला.

टेसा गेली. व्हर्ना नवऱ्याला ओलांडून उंबऱ्याशी आली आणि तिथेच थांबली. "मायरन, माझ्या चुलीपाशी आले तर चालेल का?"

मायरनने डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "जागा काही माझी नाही," तो म्हणाला. "पण चालेल."

तिने बंदी असताना विस्तव पेटवला, फ्रीझरमधून काळीज काढलं, कांदा घालून परतलं आणि तिने व मायरनने टेबलाशी बसून खाल्लं. तेव्हापासून ऑक्टोबरात त्या टेबलाशी कुणी ना कुणी असतं. दूरदूरचे शिकारी यंत्र बघत येतात, व्हरांड्यात बूट वाळवतात, व्हर्नाला विचारून कॉफी घेतात. घर इतकं भरलेलं कधी नव्हतं. एल्डन आपलं ताट पलंगावर घेऊन जेवतो. त्याला कुणी अडवलेलं नाही. फक्त विचारायचं आहे.

ही गोष्ट खोऱ्यात पसरली तेव्हा लोक पोट धरधरून हसले. माणसाला यंत्राने कसं खुळं केलं, म्हणाले. मग ते आपापल्या घरी गेले, दार लावून घेतलं, आणि हळूच खिशातून यंत्र काढून आपली चूल कुठल्या रंगात आहे ते पाहिलं. तुम्हीही हसून घ्या. बघणार तर तुम्ही आहातच. पण बघण्याआधी एवढं आठवा, शेजाऱ्याच्या दारावर शेवटची टकटक कधी केली होती. कारण 'मान्य' तुम्हीही केव्हाच दाबलेलं आहे.